ओलेडमधला निळा रंगच आधी का थकतो?

जास्वंद
नमस्कार मंडळी. बरेच दिवस डोक्यात घोळत असलेला प्रश्न आज मांडते.

मी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. मुलांसाठीच्या नोट्स फोनवरच टाइप करते, रोज तास-दीड तास. फोन चार वर्षांचा झाला. पडदा ओलेडचा, म्हणजे विजेवर स्वतःच उजळणाऱ्या कार्बनी संयुगांचा; नावातला 'ओ' म्हणजे ऑरगॅनिक, सेंद्रिय. परवा बारावीतल्या एका मुलीने फोटो बघायला फोन हातात घेतला आणि म्हणाली, "मॅडम, तुमच्या स्क्रीनवर कीबोर्ड उमटलाय."

घरी येऊन पूर्ण करड्या रंगाचं चित्र उघडून बघितलं, तर खरंच. खालच्या भागात पांढऱ्या कळांचे चौकोन पिवळट दिसतात आणि कळांवरची काळी अक्षरं उजळ, किंचित निळसर. क, ख, ग, घ चक्क वाचता येतात. स्पेसबारची पट्टी तर आखून काढल्यासारखी.

फोन बदलायचा का हा माझा प्रश्नच नाही. डाग पिवळटच का पडला? हिरवट किंवा तांबूस का नाही? निळा रंग आधी जातो असं ऐकलं आहे, पण का जातो? आणि मुख्य म्हणजे, कार्बनी संयुगं वीज वाहत नाहीत असं मी वर्गात वर्षानुवर्षं सांगत आले आणि हातातला पडदा त्यांच्यावरच चालतो. हे मुलांना नीट समजावून सांगायचं आहे.

भुईमूग
सेंद्रिय गूळ झाला, सेंद्रिय तांदूळ झाला, आता सेंद्रिय स्क्रीन! खत कुठलं घालायचं तेवढं सांगा.
गंमत सोडा ताई, प्रश्न एकदम भारी आहे. बसलोय इथेच, वाचतोय.

जास्वंद
@भुईमूग, हा घोटाळा माझ्या वर्गातही होतो. म्हणून मला दहावीच्या पुस्तकातल्या धड्याचा 'कार्बनी संयुगे' हाच शब्द आवडतो. सेंद्रिय म्हटलं की पोरांच्या डोळ्यांपुढे शेणखत येतं.

दुरुस्तीवाला_राजारामपुरी
ताई, माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे, कोल्हापुरात. तुमच्यासारखे डाग आठवड्याला दोन-तीन तरी बघतो. सगळ्यात जास्त कुणाचे असतील सांगा? रिक्षावाले आणि डिलिव्हरीवाली पोरं. दिवसभर उन्हात फुल ब्राइटनेसवर मॅप चालू. एकाच्या फोनवर वरची हिरवी पट्टी आणि खालचं बटण एवढं छापून बसलं होतं की बंद पडलेलं ॲप चालूच आहे असं वाटायचं.

ह्याला औषध नाही, फोल्डरच, म्हणजे पूर्ण डिस्प्लेच, बदलावा लागतो. स्क्रीन सुधारणारे व्हिडिओ असतात, रंग भराभर बदलत राहतात, त्यांच्या नादाला लागू नका. उरलेली स्क्रीन पण झिजते, दुसरं काही होत नाही.

एल्बेकाठी
जास्वंदताई, धाग्याबद्दल मनापासून आभार. मी जर्मनीत ड्रेस्डेनला याच विषयात पीएचडी केली, त्यामुळे थोडं विस्ताराने लिहिते. एका बैठकीत होणार नाही, तुकड्यातुकड्याने येईन.

आधी वीज वाहण्याचं. ही संयुगं तांब्याच्या तारेसारखी वीज वाहत नाहीत हे तुमचं शिकवणं बरोबरच आहे. १९६३ मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठात मार्टिन पोप यांच्या गटाने अँथ्रासीनच्या स्फटिकातून विजेने प्रकाश काढला तेव्हा चारशे व्होल्टच्या घरात दाब लावावा लागला होता. स्फटिक दहा-वीस मायक्रोमीटर जाड. त्याचा टीव्ही कोण करणार?

वाट सापडली ती पातळ थरांमुळे. १९८७ मध्ये अमेरिकेत रॉचेस्टरला, ईस्टमन कोडॅकच्या प्रयोगशाळेतून चिंग टँग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी एक छोटा लेख छापला. काचेवर इंडियम-टिन ऑक्साइडचा पारदर्शक लेप, त्यावर डायअमीनचा ७५ नॅनोमीटर थर, त्यावर ॲल्युमिनियमच्या एका संयुगाचा ६० नॅनोमीटर थर आणि सगळ्यात वर मॅग्नेशियम-चांदीचा पत्रा. दोन्ही कार्बनी थर मिळून १३५ नॅनोमीटर, म्हणजे केसाच्या जाडीचा पाचशेवा भाग. अंतरच इतकं कमी की दहा व्होल्टच्या आत चौरस मीटरमागे हजार कँडेलाच्या वर उजेड मिळाला.

आणि थर दोन का, हे मुलांना जरूर सांगा. डायअमीनमधून धन भार, म्हणजे होल, सहज सरकतात. ॲल्युमिनियमच्या संयुगातून इलेक्ट्रॉन सरकतात. वारीत वेगवेगळ्या वाटांनी आलेल्या पालख्या वाखरीला भेटतात ना, तशी या दोघांची गाठ बरोबर मधल्या सीमेवर पडते. एकच थर असता तर एक जण मधे न भेटता पार पलीकडच्या धातूवर जाऊन आपटला असता आणि वीज नुसती उष्णतेत गेली असती. टँग यांनी आदल्याच वर्षी, १९८६ मध्ये, दोन थरांचा कार्बनी सौरघटही मांडला होता. तिथे प्रकाशातून वीज, इथे विजेतून प्रकाश.

जास्वंद
फार सुंदर. पालख्यांचं उदाहरण उद्याच वर्गात वापरते. ते ॲल्युमिनियमचं संयुग कुठलं?

एल्बेकाठी
त्याला एएलक्यू-थ्री म्हणतात. मधे एक ॲल्युमिनियम, भोवती ८-हायड्रॉक्सिक्विनोलीनचे तीन रेणू.

जास्वंद
थांबा. म्हणजे ऑक्झिन?

अहो, हे आम्ही एमएस्सीला हाताने केलंय! ॲल्युमिनियमचं वजनी मापन. द्रावण गरम करायचं, ऑक्झिन घालायचं, अमोनियम ॲसिटेट घालायचं, पिवळा साका खाली बसतो. तो सिंटर्ड क्रुसिबलमधून गाळायचा, ओव्हनमध्ये वाळवायचा आणि वजन स्थिर होईपर्यंत परत परत तोलायचा. चौथ्या दशांशासाठी किती संध्याकाळी गेल्या आहेत माझ्या. आणि वजन लिहून झालं की तो साका आम्ही टाकून द्यायचो. त्यातून उजेड निघतो हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही.

एल्बेकाठी
हो, तेच. अंगावर काटा आला तुमचं वाचून. टाकून दिलेल्या त्या पिवळ्या भुकटीवर अतिनील दिवा धरला असता तर हिरवट-पिवळी चमकताना दिसली असती.

संत्रानगरी
हे वाचून राहवलं नाही म्हणून लॉगिन केलं. मी नागपूरचा. आमच्या विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात युरोपियमच्या कार्बनी संयुगांवर बरंच काम झालेलं आहे. युरोपियमचा तांबडा इतका शुद्ध असतो की वर्णपटात रुंद टेकडी दिसत नाही, सुईसारखी रेघ उभी राहते. ओलेडसाठी तांबडा कसा असावा तर असा. आयआयटी कानपूरलाही पडद्यांसाठी वेगळं केंद्र आहे, तिथे लवचिक इलेक्ट्रॉनिक्सवर काम चालतं. म्हणजे हा विषय आपल्यापासून फार लांबचा नाही, एवढंच पोरांना सांगा.

शंकासुर
माझं मत वेगळं आहे. एलसीडी फोन आमच्याकडे आठ वर्षं चालला, कीबोर्ड-बिबोर्ड काही उमटला नाही. चार वर्षांत डाग पडणारी वस्तू विकायची आणि लोकांनी नवीन घ्यायची, असाच हा धंदा आहे. निळा रंग थकतो हे कारण मला पटत नाही. टिकाऊ निळा करता येत नाही की करायचा नाही?

आजोबांचा_नातू
@शंकासुर यांच्याशी अर्धा सहमत. आमच्याकडे ५५ इंची ओलेड टीव्ही घेतला. आजोबा सकाळी सहा ते रात्री दहा एकच बातम्यांचं चॅनल लावतात. दोन वर्षांत वरच्या कोपऱ्यातला लोगो आणि खालची ब्रेकिंग न्यूजची पट्टी कायमची बसली. क्रिकेट लावलं की हिरव्या मैदानावर ती पट्टी दिसते. सर्व्हिसवाल्याने येऊन फोटो काढले आणि हे वॉरंटीत बसत नाही म्हणून सांगून गेला. दुकानदाराने विकताना यातलं एक अक्षर सांगितलं नव्हतं, राग त्याचा आहे. आजोबांना अजून वाटतं की त्यांच्यामुळे टीव्ही बिघडला. ते आता टीव्ही लावायच्या आधी मला विचारतात, ते मला बघवत नाही.

जास्वंद
@आजोबांचा_नातू, आजोबांना माझ्याकडून सांगा की यात त्यांची काही चूक नाही. बातम्या बघणं हाच टीव्हीचा उपयोग आहे.

एल्बेकाठी
आता निळ्याकडे येते. @शंकासुर, तुमची शंका रास्त आहे, पण टिकाऊ निळा "करायचा नाही" असं अजिबात नाही. माझ्या ओळखीतल्या माणसांची अर्धी उमेद या एका रंगात गेली आहे.

ताई रसायनशास्त्राच्या, म्हणून आकड्यांतच सांगते. तांबडा प्रकाश ६२० नॅनोमीटर धरला तर एका मोलमागे ऊर्जा साधारण १९३ किलोज्यूल. हिरवा ५२० धरला तर २३०. निळा ४६० धरला तर २६०. आता या रेणूंमध्ये कार्बन-नायट्रोजनचे एकेरी बंध जागोजाग असतात, त्यांची सरासरी ताकद साधारण ३०५. म्हणजे निळ्यासाठी उत्तेजित झालेला रेणू सतत तुटण्याच्या उंबरठ्यावर वावरत असतो.

एकटा असेपर्यंत निभावतो. पण दोन उत्तेजित रेणू शेजारी आले, किंवा उत्तेजित रेणूजवळून एखादा भार गेला, तर एकाची ऊर्जा दुसऱ्यावर जाते. दोनशे साठची बेरीज पाचशे वीस. तेवढ्यात कार्बन-कार्बन बंधसुद्धा तुटतो. तुटलेला रेणू स्वतः उजेड देत नाहीच, वर शेजाऱ्यांची ऊर्जाही गिळतो. तांबड्याची दुप्पट ३८६ होते, तिथेही धोका आहेच, पण मधल्या पायऱ्यांवर तो बराच खाली राहतो.

तुमच्या पिवळ्या डागाचं उत्तर इथेच आहे. पांढऱ्या कळांखाली तिन्ही रंग तास-दीड तास जळायचे. त्यातला निळा सगळ्यात जास्त झिजला. पांढऱ्यातून निळा कमी झाला की पिवळा उरतो. काळ्या अक्षरांखालचे ठिपके बंद असायचे, ते ताजे राहिले, म्हणून तेवढेच निळसर आणि उजळ दिसतात. तुमच्या फोनवर 'क' छापला गेला नाही, 'क' तेवढा वाचला आहे.

भुईमूग
"'क' तेवढा वाचला आहे." हे वाक्य मी बायकोला मोठ्याने वाचून दाखवलं.

शंकासुर
@एल्बेकाठी, मानलं. पण मग एक सांगा. हिरवा आणि तांबडा एवढे चांगले कसे झाले? त्यांनाही सुरुवातीला हीच अडचण असणार.

एल्बेकाठी
होती, आणि ती सुटली ती जड धातूंमुळे. इलेक्ट्रॉन आणि होल यांच्या चार गाठी पडल्या तर स्पिनच्या नियमाने एकच गाठ लगेच प्रकाश देणारी असते, तिला सिंगलेट म्हणतात. उरलेल्या तीन ट्रिपलेट, त्या साध्या कार्बनी रेणूत उष्णतेत विरतात. म्हणजे शंभरातली पंचाहत्तर ऊर्जा फुकट. १९९८ मध्ये प्रिन्स्टनचे स्टीफन फॉरेस्ट आणि दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाचे मार्क थॉम्पसन यांच्या गटांनी प्लॅटिनम असलेला रेणू वापरला, पुढच्याच वर्षी इरिडियमचा. जड अणू मधे असला की ट्रिपलेटलाही प्रकाश द्यायची मुभा मिळते. आज आपल्या हातातल्या फोनमधला तांबडा आणि हिरवा याच जातीचे आहेत.

निळ्यात मात्र हाच उपाय अंगावर येतो. सिंगलेट काही नॅनोसेकंदांत प्रकाश देऊन मोकळा होतो, इरिडियमचा ट्रिपलेट मायक्रोसेकंदभर उत्तेजित बसून राहतो. उंबरठ्यावर बसलेल्या निळ्याला जास्त वेळ बसवून ठेवलं तर धक्का लागायची शक्यता वाढणारच. म्हणून इतकी वर्षं निळा जुन्या पद्धतीचाच राहिला. त्याची कार्यक्षमता कमी, म्हणजे तेवढ्याच उजेडाला जास्त वीज, म्हणजे जास्त झीज. दोन्हीकडून मार.

दुरुस्तीवाला_राजारामपुरी
आता मला कळलं! मायक्रोस्कोपखाली ओलेड बघितला की निळे ठिपके मोठे दिसतात, हिरवे बारीक आणि दुप्पट. मला वाटायचं डिझाइन म्हणून केलंय.

ज्यांच्याकडे मायक्रोस्कोप नाही त्यांनी एक करून बघा. स्क्रीन पांढरी ठेवा, बोटाने पाण्याचा अगदी बारीक थेंब काचेवर ठेवा. थेंब भिंगाचं काम करतो, ठिपके वेगवेगळे दिसतात. लगेच पुसा मात्र, कडेने पाणी आत जायला नको.

एल्बेकाठी
@दुरुस्तीवाला_राजारामपुरी, अगदी बरोबर पकडलंत. ठिपका मोठा केला की तेवढाच उजेड कमी घनतेच्या विजेत मिळतो, तो जास्त जगतो.

खिडकीपाशी
थोडं अवांतर. ओलेड फोन घेतल्यापासून रात्री डोकं दुखतं. दिवसा काही नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांनी नंबर तपासला, तो आहे तसाच. आणखी कुणाला असं होतं का? घरचे म्हणतात मनाचे खेळ.

दुरुस्तीवाला_राजारामपुरी
मनाचे खेळ नाहीत, ताई. दुसऱ्या फोनचा कॅमेरा स्क्रीनवर धरा, ब्राइटनेस कमी करा. काळे पट्टे सरकताना दिसतील. बऱ्याच ओलेड स्क्रीन उजेड कमी करायला भराभर चालू-बंद होतात, कित्येक पॅनलवर सेकंदाला २४० वेळा. काही जणांना ते सोसत नाही. सेटिंगमध्ये फ्लिकर कमी करायचा पर्याय असेल तर चालू करा. नसेल तर ब्राइटनेस जास्त ठेवा आणि 'एक्स्ट्रा डिम'ने वरून अंधार करा.

खिडकीपाशी
केलं. कॅमेऱ्यात पट्टे दिसले, नवऱ्यालाही दाखवले. आता ब्राइटनेस वर ठेवून बघते. खूप खूप आभार, दादा.

रेघोट्या
मी अंतर्गत सजावटीचं काम करते, म्हणून ओलेडच्या दिव्यांबद्दल विचारायचं होतं. काही वर्षांपूर्वी एका प्रदर्शनात ओलेडचा पट्टा हातात घेऊन बघितला होता. तळहाताएवढा, पोस्टकार्डासारखा पातळ, आणि त्याच्याकडे थेट बघता येत होतं! एलईडीचा ठिपका डोळ्यात टोचतो, हा ढगाळ दिवसाच्या आभाळासारखा वाटला. सावली जवळजवळ पडतच नव्हती. वृद्धांच्या खोलीसाठी, आजारी माणसाच्या उशाशी यापेक्षा चांगला उजेड मी बघितलेला नाही. बाजारात मात्र तो मिळत नाही. का?

एल्बेकाठी
@रेघोट्या, तुम्ही माझ्या जिव्हाळ्याच्या जागी हात घातलात. २००९ मध्ये आमच्या ड्रेस्डेनच्या संस्थेतून पांढऱ्या ओलेडवर लेख आला होता, वॅटमागे ९० ल्युमेन, म्हणजे ट्यूबलाइटच्या बरोबरीचा. सगळ्यांना वाटलं होतं, आता छतच उजळणार. फिलिप्स जर्मनीत आखेनला ओलेडचे पट्टे बनवत होती. नंतर तो विभाग ओलेडवर्क्सकडे गेला, २०१५ मध्ये. ही कंपनी रॉचेस्टरची, कोडॅकमधून बाहेर पडलेल्या माणसांनी उभी केलेली. कोडॅकने स्वतःचा ओलेड व्यवसाय २००९ मध्येच एलजीला विकला होता.

अडलं ते किमतीवर. एलईडीचा दाणा एवढासा असतो, उजेड कोंबून देतो आणि दरवर्षी स्वस्त होत गेला. ओलेडमध्ये जेवढा उजेड हवा तेवढं क्षेत्रफळ लागतं, आणि त्याचा प्रत्येक चौरस सेंटीमीटर निर्वातात, थरावर थर चढवून बनवावा लागतो. गाड्यांच्या मागच्या दिव्यांत मात्र तो टिकला. २०१६ मध्ये ऑडी आणि बीएमडब्ल्यूच्या काही गाड्यांना तो आला.

रेघोट्या
वाईट वाटलं वाचून. चांगल्या उजेडाची किंमत माणसं मोजतील असं मला अजून वाटतं, पण ती ल्युमेनमध्ये मोजून चालणार नाही. आईच्या शेवटच्या महिन्यात तिच्या खोलीतला दिवा मी तीन वेळा बदलला होता. एकही तिला सोसला नाही.

जास्वंद
@रेघोट्या, वाचून गलबलले.

@एल्बेकाठी, तुम्ही स्वतः हे थर कसे द्यायचात ते सांगाल? मुलांना "निर्वातात थर चढवतात" असं नुसतं सांगितलं तर डोळ्यांपुढे काहीच उभं राहत नाही.

एल्बेकाठी
सांगते, आवडीने.

काचेची एक पेटी असते, आत शुद्ध नायट्रोजन. समोर जाड काळे रबरी हातमोजे कायमचे बसवलेले, खांद्यापर्यंत हात त्यात घालून काम करायचं. पहिला महिनाभर चिमटासुद्धा पडायचा हातातून. पेटीच्या पलीकडे निर्वात कक्ष. खाली बोटभर मुशीत भुकटी, आठ-दहा मुशी, प्रत्येकीत वेगळं संयुग. वर काच, तोंड खाली करून. मूस हळूहळू तापवायची. भुकटीची वाफ सरळ वर जाऊन काचेवर बसते. वेग मोजायला क्वार्ट्झचा स्फटिक. सेकंदाला एक आंगस्ट्रॉम (नॅनोमीटरचा दहावा भाग), म्हणजे रेणूचा एक पदर व्हायला पाच-दहा सेकंद. आकड्यावर नजर ठेवून बसायचं. वेग वाढला की आच कमी, कमी झाला की जास्त. चहा उकळताना बघत बसतो तसं, फक्त सहा तास.

आणि मग पहिल्यांदा बॅटरी जोडायची. तीन व्होल्टला काही नाही, साडेतीनला अंधारात चौकोन उमटतो. माझा पहिला चौकोन हिरवा होता. त्या रात्री बर्फात चालत घरी गेले, बस सोडून.

दुसऱ्या दिवशी त्यावर काळे ठिपके होते, टाचणीच्या डोक्याएवढे. कडेचं सील नीट बसलं नव्हतं. धातूच्या पत्र्यात सूक्ष्म छिद्रं असतात, त्यातून ओल शिरते आणि तेवढ्या जागी पत्रा खालच्या थरापासून सुटतो. हे ठिपके वाढत जातात. ओलेडला किती कमी ओल चालते सांगू? चौरस मीटरमागे दिवसाला एक मायक्रोग्रॅम, त्याच्या वर नाही. दादरचं शिवाजी पार्क अठ्ठावीस एकर आहे. तेवढा मोठा पडदा असता तर पूर्ण दिवसात दोन थेंब, बास.

भुईमूग
आणि आमच्याकडे पावसाळ्यात पापडाचा डबा दोन दिवस टिकत नाही.

दुरुस्तीवाला_राजारामपुरी
म्हणूनच कुठूनही आणलेला कॉपी डिस्प्ले बसवू नका म्हणून गिऱ्हाइकाला सांगतो. एका ठोकवाल्याने मला ओरिजिनल म्हणून अकरा पीस दिले, पावसाळ्यात चारवर कडेने काळं चढलं. गिऱ्हाइकांचे पैसे मी खिशातून परत केले.

डिस्प्ले बदलणाऱ्यांनी एवढं विचाराच: हार्ड ओलेड, सॉफ्ट ओलेड की इनसेल? सॉफ्ट म्हणजे प्लॅस्टिकवरचा, कंपनीचा बऱ्याच फोनमध्ये तोच असतो. हार्ड म्हणजे काचेवरचा, जाड आणि आपटला की जातो. इनसेल म्हणजे सरळ एलसीडी, स्वस्त. ओळखायला अंधाऱ्या खोलीत पूर्ण काळं चित्र लावा. ओलेड असेल तर फोन दिसणारच नाही, इनसेल करडा चमकतो. स्क्रीनखालचा फिंगरप्रिंटही बंद पडतो त्यावर.

आजोबांचा_नातू
हिरवी उभी रेघ येते ती पण निळ्याच्या झिजेमुळेच का? मामाच्या फोनला अपडेटनंतर आली.

दुरुस्तीवाला_राजारामपुरी
ती वेगळी. बहुतेक वेळा ड्रायव्हरच्या पट्टीचा जोड सुटलेला असतो, उष्णतेने नाहीतर दाबाने. रेणू बिचारे ठणठणीत असतात. एका रेघेला वीज सुटत राहते, एवढंच.

समुद्रकाठ
अलिबागहून. वरचं बंध तुटण्याचं वाचून एक आठवलं. हायड्रोजनच्या जागी ड्युटेरियम घातलं तर रेणू जास्त टिकतो असं वाचलं होतं. आमच्याजवळ थळला जड पाण्याचा कारखाना आहे, तिथे ड्युटेरियमच वेगळं करतात. वडील तिथे नोकरीला होते. जड पाणी म्हणजे फक्त अणुभट्टी असंच आम्ही लहानपणापासून समजत आलो. ते ड्युटेरियम आणि हे एकच का?

एल्बेकाठी
@समुद्रकाठ, एकच! ड्युटेरियम हायड्रोजनच्या दुप्पट जड, त्यामुळे कार्बनशी जोडलेला बंध कमी थरथरतो आणि तोडायला थोडी जास्त ऊर्जा लागते. एलजीने २०२१ च्या शेवटी जाहीर केलेल्या टीव्ही पॅनलमध्ये याच ड्युटेरियमची संयुगं आहेत. वडिलांना जरूर सांगा.

आणि @शंकासुर, टिकाऊपणासाठी काय काय चाललंय ते बघा. २०१२ मध्ये जपानच्या क्युशू विद्यापीठात चिहाया अदाची यांच्या गटाने इरिडियमशिवायच ट्रिपलेट परत सिंगलेटमध्ये चढवून दाखवले, नुसत्या खोलीच्या उष्णतेवर. २०२४ च्या आयपॅड प्रोमध्ये दोन ओलेड एकावर एक आहेत, प्रत्येकावर निम्माच भार. २०२५ मध्ये एलजी डिस्प्लेने असाच दुहेरी निळा जाहीर केला, त्यातला एक थर जुन्या पद्धतीचा आणि दुसरा इरिडियमच्या वाटेने जाणारा. निळ्याला हात घालायला पंचवीसहून जास्त वर्षं लागली, पण घातला.

शंकासुर
माझा पहिला प्रतिसाद मी मागे घेतो. दुकानदाराने विकताना सांगायला हवं यावर मात्र ठाम आहे. दिवसभर बातम्या बघणाऱ्या घरात ओलेड देऊ नये. @आजोबांचा_नातू, लोगोची पट्टी अंधुक करायचं सेटिंग असतं, शोधून बघा.

आजोबांचा_नातू
सापडलं. रात्री टीव्ही स्टँडबायवर ठेवला की तो स्वतःही जुळवून घेतो म्हणे. आम्ही बटणच बंद करत होतो, वीज वाचवायला.

एल्बेकाठी
@आजोबांचा_नातू, बटण चालू ठेवा. झिजलेला रेणू परत येत नाही, पण टीव्ही रात्री ठिपके मोजून ताज्यांना झिजलेल्यांशी जुळवून घेतो. पट्टी फिकट होईल.

जास्वंद
मंडळी, तीन आठवड्यांनी धागा वर काढतेय. सांगितल्याशिवाय राहवत नव्हतं.

काल बारावीच्या प्रॅक्टिकलला ऑक्झिनचा साका केला. ॲल्युमिनियमसाठी किराणा दुकानातली तुरटी वापरली. ऑक्झिन मीच हातमोजे घालून हाताळलं, मुलांना हात लावू दिला नाही. बीकर कोमट, त्यात अमोनियम ॲसिटेट ओतलं आणि बघता बघता तळापासून पिवळं धुकं भरत आलं. गाळून, धुऊन गाळणकागदावर पसरलं. ओलं हळदीसारखं दिसत होतं.

शिपाईमामांकडून नोटा तपासायचा यूव्ही टॉर्च आणला. पडदे ओढले. टॉर्च लावला तर कागदावरचा सगळा गोळा हिरवा पेटला, पोपटी म्हणा, आणि कडेला सांडलेला कणन् कण वेगळा दिसायला लागला. बेसिनच्या काठावर कुणाच्या बोटाचा ठसा होता, तोही. कुणीतरी हात लावला होताच म्हणजे. मग आधी सगळ्यांचे हात धुवायला लावले.

ज्या मुलीला कीबोर्ड दिसला होता तिने माझा फोन मागून घेतला, करडं चित्र लावलं आणि त्या कागदाशेजारी ठेवला. बराच वेळ बघत होती. मग विचारलं, "मॅडम, असा साका निळा चमकणारा मिळेल का? धातू बदलला तर?"

@एल्बेकाठी, काय सांगू तिला?

एल्बेकाठी
सांगा की ऑक्झिनमध्ये धातू बदलून चमक थोडी निळ्याकडे सरकते, पण खरी सरकते ती ऑक्झिनचं वलय बदललं की. कुठल्या जागी काय जोडायचं त्यावर रंग ठरतो. आणि तिला माझा पत्ता द्या, मी व्यक्तिगत निरोपात पाठवते आहे. कागद-पेन्सिल घेऊन बसू आम्ही दोघी, पुढच्या शनिवारी.